नुसती नर्स

टेमघर, भिवंडी
९ जानेवारी

विशालराव यांस,
माधवीचा नमस्कार.

हे पत्र तुम्हाला कापडाच्या ट्रकमधून येतं आहे, याचं नवल वाटून घेऊ नका. तुम्ही आमच्या घरातल्या सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेत. बायकोच्या थोरल्या बहिणीलाही सोडलं नाहीत. असो. फोन लागला असता तरी मी केला नसता, कारण फोनवर या विषयाचा एक शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. इथून रोज कोरं कापड रंगाईला सुरतेला जातं. त्यातल्या एका ट्रकचे चालक रफीकभाई माझ्या दुकानासमोर चहा पितात. ते तुमच्या मिलच्या गेटवर हे पाकीट तुमच्या हातात देतील, दुसऱ्या कोणाच्या नाही.

पत्ता तुमच्या आईंकडून घेतला. आनंदीबाईंनी अंबाडीच्या नाक्यावर मला विचारलं, कशाला हवा? मी म्हटलं, दिवाळीचा फराळ पाठवायचा राहिला. जानेवारीत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पत्ता दिला.

उभे असाल तर बसा. उन्नती धरली गेली आहे.

ती शांतिसेनेच्या हॉस्पिटलात होती हे तुम्हाला माहीत असेल, किंवा नसेल. तुमच्यात किती बोलणं उरलं होतं हे मला ठाऊक नाही. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या बंडखोरांच्या एका टोळीने ते हॉस्पिटल घेतलं आणि आपल्या चार नर्स उचलून नेल्या. त्या वेळी चौघी ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. अंगावर हिरवे झगे, खांद्यावर तारे नाहीत, नावाची पट्टी नाही. त्यांच्यातली वयाने मोठी जी होती तिने तिथल्या तिथे सांगितलं की आम्ही धर्मादाय दवाखान्याच्या नर्स आहोत, मदतीला आलो होतो. त्या माणसांना ते पटलं, किंवा न पटवून घ्यायला वेळ नव्हता. त्यांचे स्वतःचे जखमी पुष्कळ आहेत. मलमपट्टी करणारे हात त्यांना हवे आहेत.

हे सगळं आम्हाला सांगायला एक कर्नलबाई आल्या. साध्या सलवार-कमीजमध्ये, हातात पेढ्यांचा बॉक्स, म्हणजे आळीला वाटावं की माझ्या भावाला, मितेशला, स्थळ आलंय. आळीला तसंच वाटलं. दोघीजणी मला विचारून गेल्या, मुलगी गोरी आहे का.

कर्नलबाई म्हणाल्या, कायद्याने नर्सला युद्धकैदी करता येत नाही, तिला परत पाठवावं लागतं. पण तो कायदा त्या माणसांनी वाचलेला नाही. धर्मादाय नर्स म्हणजे त्यांच्या दृष्टीने चार दिवस वापरायची आणि मध्यस्थ आला की सोडून द्यायची बाई. सैन्यातली कॅप्टन म्हणजे मात्र घबाड. तिला ते सोडणार नाहीत, आणि आधी खोटं बोलली म्हणून काय करतील ते सांगता येत नाही. बाईंनी हे आईसमोर सांगितलं. आई पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सोडवत होती, ती सोडवतच राहिली.

‘तिच्या अंगावरची वर्दी जिथे जिथे दिसते तिथून पुसून टाका,’ एवढंच बाईंनी मागितलं.

आता तुमचं काम. तुमच्या फेसबुकवर तुमच्या प्रीवेडिंगचा अल्बम आहे. त्यात ती पूर्ण वर्दीत आहे आणि तुम्ही शेजारी जोधपुरी घालून, छाती फुगवून उभे आहात. खाली तुम्हीच लिहिलंय, ‘माझी कॅप्टन’. तो अल्बम सगळ्या जगाला उघडा आहे. तो काढा. वरून कोणी काढायला लावला तर त्याचा गवगवा होतो म्हणे. मालकाने गुपचूप काढलेला बरा. मालक तुम्ही आहात.

तुमचं आणि तिचं काय बिनसलं त्यात मी पडत नाही. फोटो काढून टाका.

माधवी

.

टेमघर
१६ जानेवारी

विशालराव,

रफीकभाई म्हणाले, ‘साहब ने लिया, वहीं खड़े खड़े पढ़ा, कुछ बोला नहीं.’ मी रोज दुकानाच्या कॉम्प्युटरवरून बघते. अल्बम तिथेच आहे.

आम्ही मात्र कामाला लागलो. तुम्हाला ठाऊक आहे, माझं दुकान फ्लेक्स छापायचं. वाढदिवस, पुण्यतिथी, भावी नगरसेवक, भूतपूर्व भावी नगरसेवक, सगळ्यांना मीच खांबावर चढवते. तेव्हा उन्नती कुठे कुठे टांगलेली आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? गावठाणाच्या तोंडाशी कमान होती, तिच्यावर ती सलाम करतेय. व्यायामशाळेच्या भिंतीवर आहे. क्रिकेटच्या स्पर्धेला तिच्या नावाचा चषक, त्या चषकावर तिचा फोटो. चषक जिंकणारी मंडळी तो घेऊन नाचली, त्याचा व्हिडिओ. गोदामाच्या शटरवर मितेशने रंगवून घेतलेली एक उन्नती, तिचं नाक बाबांसारखं झालंय. आम्हाला आमच्या माणसाचा आनंद मनात ठेवता येत नाही, तो दहा बाय वीसचा करून लावावा लागतो. एरवी मी यावर पोट भरते. या आठवड्यात मला त्याने घाम फुटला.

कमान उतरवायला कारण काय सांगायचं? मी सांगितलं, महापालिकेची बेकायदा बॅनरवर मोहीम आहे. कोणाचाही विश्वास बसला नाही. पण कमान उतरली. शटरवर मितेशने रंग मारला. एका कोटात ती झाकली नाही, खालून डोळे दिसत राहिले. मी त्याला म्हटलं, अजून एक मार. तो शटरकडे पाठ करून ब्रश चालवत होता.

परवा कर्नलबाई पुन्हा आल्या. त्यांनी फोनवर एक चित्रफीत दाखवली, त्या लोकांनी बाहेर सोडलेली. चौघी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्यात. डोक्याला फडकी बांधलेली. एकजण कागदावरचं वाचून दाखवते, आम्ही बऱ्या आहोत. उन्नती शेवटची. वाळली आहे. कॅमेऱ्याकडे बघत नाही, बाजूला कोणीतरी उभं आहे त्याच्या पायांकडे बघतेय. आई म्हणाली, अंगठा मुठीत धरलाय बघ. मी म्हटलं, सहज धरला असेल. आई म्हणाली, ‘सहज न्हाय. दहावीच्या रिझल्टला अशीच बसली व्हती.’

काळूराम पाटील म्हटलं की ज्यांचा आवाज खाडीपलीकडे जायचा ते आमचे बाबा, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसतात. काल जेवताना एकच विचारलं, ‘त्यांचा कोन जखमी मानूस हिच्या हातात मेला, त हिच्यावर घेतील का?’ मी म्हटलं, नाही बाबा, डॉक्टरवर घेतात. हे मी कशाच्या आधारावर म्हटलं मला माहीत नाही. कालपासून मी त्या परक्या, बंदूक घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करते. त्यांच्या जखमा भराव्यात, ताप उतरावा. एक जरी दगावला तरी मला इथे कळणार नाही, आणि तिथे तिला कळेल.

अनोळखी नंबर वाजला की आमच्या घरात कोणी तो उचलत नाही. सगळे त्याच्याकडे बघत बसतात. शेवटी मी उचलते. कर्जवाले असतात. मी त्यांच्याशी इतकं गोड बोलते की ते घाबरून फोन ठेवतात.

दोन मिनिटांचं काम आहे, विशालराव. मितेश सुरतेला यायला निघाला होता, मी अडवला. त्याने तुमचा दात पाडला असता, आरडाओरडा झाला असता आणि फोटो राहिले असते.

माधवी

.

टेमघर
२४ जानेवारी

विशालराव,

गुपित फुटलं. आणि फोडलं कोणी? गावदेवीने.

आईने मला न सांगता देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. तुमच्याकडे अंबाडीला कसं घालतात मला माहीत नाही, आमच्याकडे ते मोठ्याने घालावं लागतं. मनातल्या मनात सांगितलेलं देवीला पोचत नाही अशी ठाम समजूत आहे. आई नारळ घेऊन गेली आणि भगताच्या कानात हळूच म्हणाली, पोर संकटात आहे, सोडव म्हणावं. आमचा भगत सत्तरीचा, कानाने कमी आणि कामाने पक्का. तो म्हणाला, ‘असा अर्धा सांगून न्हाय चालत, कमळाबाई. कोनाची पोर, कंच्या गावाला हाय, कोनाच्या तावडीत हाय, सगला सांग. देवीनी शोधायचा कुठं?’

आईला ते पटलं. आई म्हणते, खरंच, एवढं मोठं जग, देवी जाणार कुठे? तिने सगळं सांगितलं आणि भगताने एकेक शब्द देवळाच्या माळ्याला लागेल अशा आवाजात देवीला कळवला. शुक्रवार होता. ओटी भरायला निम्मं गावठाण आलेलं. गाऱ्हाणं संपलं तेव्हा सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलं.

मी आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणाली, ‘मंग मी कोनाला सांगू?’

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतेय तोच लडकूशेठ हजर. गळ्यात साखळ्या, मागे दोन मोटारसायकली. यंदा त्यांना नगरसेवक व्हायचंय, त्यामुळे गावात कोणाच्या घरी काही झालं की ते पहिले पोचतात. त्यांनी मजकूर लिहून आणला होता. ‘भिवंडीची वाघीण कॅप्टन उन्नती शत्रूच्या तावडीत! सुखरूप सुटकेसाठी महाआरती.’ खाली त्यांचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला. चाळीस नग हवेत, बायपासपासून कल्याण नाक्यापर्यंत.

मी छापले नसते तर त्यांनी शेजारच्या गल्लीत छापले असते. मशीन बिघडलंय म्हटलं असतं तर त्यांनी मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला असता, आणि तो वाघिणीसकट दुपारपर्यंत जगभर गेला असता. मी मोटारसायकलवाल्यांना चहा आणायला पाठवलं, शटर अर्धं ओढलं आणि लडकूशेठना सगळं सांगितलं. थिएटरचे झगे, खोटं, घबाड, सगळं. ज्या माणसाच्या पोटात नाश्ता टिकत नाही त्याला मी माझ्या बहिणीचा जीव दिला.

त्यांनी आपला कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, ‘गावाला त समजला. मानसा इचारतीन, शेठ काय करतो? मी काय लिव्हू?’

‘नर्स लिहा.’

‘नुसती नर्स?’

‘धर्मादाय दवाखान्यातली.’

‘त्यानी वजन न्हाय येत, ताई.’

‘वजन आलं तर ती मरेल, लडकूशेठ.’

त्यांनी खिशातून पेन काढलं, ‘वाघीण’ खोडलं, ‘कॅप्टन’ खोडलं, ‘शत्रू’ खोडलं. मग आपले जोडलेले हात बघितले आणि तेही खोडले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. मी चुकून त्यांना भाऊ म्हटलं.

छापलं ते असं: ‘परदेशात रुग्णसेवा करणाऱ्या आपल्या उन्नतीताई सुखरूप घरी याव्यात.’ फोटो तिच्या कॉलेजच्या दिवसांतला, पांढरा ड्रेस, दोन वेण्या. चाळीस जागी लागला. कर्नलबाईंना कळलं तेव्हा त्या फोनवर काहीही बोलल्या नाहीत, थेट दारात आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं. प्यायल्या. म्हणाल्या, आता हेच एक खोटं धरून ठेवा, दुसरं बोलू नका.

तर आता भिवंडीत चाळीस खांबांवर ती साधी नर्स आहे, आणि तुमच्या भिंतीवर कॅप्टन. तिच्या नावाने शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील. हे धाडस मी तुमच्या जिवावर केलं, विशालराव, तुम्हाला न विचारता.

मा.

.

टेमघर
१ फेब्रुवारी

विशालराव,

बातमीदार आले. दोन चॅनेलच्या गाड्या गावठाणात उभ्या आहेत.

मी या गावाला आयुष्यभर हसत आले. इथे कोणाच्या घरी आमटीत मीठ जास्त पडलं तरी नाक्यावर कळतं. त्याच गावाने आता एक शब्द गिळलाय. लडकूशेठनी देवळात सगळ्यांना बसवून सांगितलं, आणि देवीच्या पायावर हात ठेवायला लावला. पानवाला, व्यायामशाळेतली पोरं, चषक घेऊन नाचलेले ते गडी, सगळे सांगतायत: हो, नर्स होती, गरीब स्वभाव, कुठल्या तरी धर्मादाय दवाखान्यात गेली. लूमवरच्या एका परप्रांतीय कारागिराला बातमीदाराने विचारलं, फौज में थी क्या? तो म्हणाला, ‘फौज में होती तो हमारा मच्छर का बुखार मुफ़्त में देखती? पागल हो क्या?’ त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पण मला झोप नाही. शब्द गिळलेली माणसं कशी दिसतात माहीत आहे? सगळी जरा जास्त हसतात. एखादं पोर खेळता खेळता सलाम ठोकेल. एखादी म्हातारी अभिमानाने काहीतरी बोलून जाईल. मी बॅनर छापून तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी दिलं, आणि आता प्रत्येक तोंडाकडे बघत फिरते.

आज एक बातमीदार माझ्या दुकानात येऊन बसला. तरुण, हुशार, चष्मा. चार्जिंग हवं होतं म्हणाला. लॅपटॉप उघडून तिचं नाव शोधत होता, माझ्यासमोर. मराठीत टाइप करत होता म्हणून त्याला आमचेच बॅनर सापडत होते. तुमचा अल्बम इंग्रजी अक्षरांत आहे. मी त्याला चहा दिला, वडापाव दिला, भिवंडीतल्या खड्ड्यांवर एवढं बोलले की तो शेवटी नाव शोधायचं सोडून खड्डे लिहून घेऊ लागला. गेला तेव्हा मी शटर ओढून जमिनीवर बसले.

उद्या त्याला इंग्रजीत टाइप करायचं सुचेल.

मला तुम्हाला टोमणा मारायचा होता, पत्र सुरू करताना तयारही होता. आता आठवत नाही. तुम्हाला तिचा राग असेल. राग ठेवा, आयुष्यभर ठेवा, पण ती जिवंत असताना ठेवा.

माधवी

.

टेमघर
५ फेब्रुवारी

विशालराव,

काल तुम्हाला टीव्हीवर पाहिलं.

चष्मेवाल्याला सुचलं होतं तर. सकाळी मी बघितलं तेव्हा तुमचा अल्बम गेलेला होता आणि मी देवाला हात जोडले. पण त्याने फोटो आधीच उतरवून घेतला होता. मिलच्या गेटवर तुमच्या तोंडासमोर फोन धरून त्याने विचारलं, ही तुमचीच पत्नी ना? मग या वर्दीचं काय? आमच्या घरात तेव्हा वीसेक माणसं बसली होती. बाबांनी टीव्हीचा आवाज सुरू केला होता, इतक्या दिवसांनी.

तुम्ही फोटो बघितला. आणि हसलात.

‘अहो, प्रीवेडिंगला कपडे भाड्याने मिळतात,’ तुम्ही म्हणालात. ‘मी जोधपुरी घातलाय, म्हणून मी राजा झालो का?’

तो चिकट. म्हणाला, पण खाली ‘कॅप्टन’ लिहिलंय. तुम्ही म्हणालात, ‘लग्नाआधी सगळेच काहीतरी लिहितात. लग्नानंतर कळलं, नुसती नर्स आहे. इथे धड नोकरी मिळाली नाही, मिळेल त्या दवाखान्यात निघून गेली. मला कधी वेळेवर चहा दिला नाही. कुठे जाते, किती दिवस जाते, कधी सांगितलं नाही, आणि पुढे पुढे मीही विचारणं सोडलं. माझ्या लेखी ती केव्हाच गेली.’

मग तुम्ही त्याला वाट सोडायला सांगितलंत आणि आत गेलात.

आमच्या घरात सगळे एकदम बोलू लागले. बाबा उठून मागच्या दाराला गेले. मितेशने रिमोट फोडला. लडकूशेठनी तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि जोडे मारो आंदोलन जाहीर केलं. मी एका कोपऱ्यात उभी राहून तोंडावर पदर धरला, आणि मी रडतेय असं सगळ्यांना वाटलं. मला तुमच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी कोणालाही काही सांगितलं नाही. आईलाही नाही. आईला सांगितलं तर ती कृतज्ञतेने देवीला कळवेल.

कर्नलबाईंचा निरोप आला, दोनच शब्दांचा. उत्तम झालं. तुमची ती चित्रफीत हिंदी वाहिन्यांनी उचलली, खाली इंग्रजी ओळी टाकून दिवसभर फिरवली. ‘पतीने झिडकारलेली नर्स’. तिकडे पोचायला वेळ लागणार नाही. म्हणजे आता तुम्हाला वाईट राहावं लागेल, विशालराव. ती सुटेपर्यंत. कोणाही जवळच्या माणसाला खरं सांगायचं नाही, कितीही वाटलं तरी.

हे लिहिते आहे याला कारण आहे. आज दुपारी तुमच्या आई आल्या.

अंबाडीहून शेअर रिक्षाने, एकट्या. अंगणात आमच्या बायका बसल्या होत्या. कोणी सरकून जागा दिली नाही. आईने पाणी आणून दिलं. आनंदीबाई उभ्याच होत्या. त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या, कारण पत्ता मी नेला होता, आणि त्यांना फराळाची गोष्ट तेव्हाही पटली नव्हती. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, ‘माधवी, तुला सगला म्हाईत असल. माझा पोर असा न्हाय. तू सांग त्यांना.’

वीस जोड डोळे माझ्यावर होते. त्यांतल्या प्रत्येकीच्या घरी फोन आहे आणि बाहेर चॅनेलची गाडी.

मी म्हटलं, ‘असाच आहे, मावशी.’

त्या खाली बसल्या. पायरीवर, जिथे चपला असतात तिथे. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पोर परत आली की मना बोलवा. मी तिची माफी मागन.’ मग पेला विसळून पालथा ठेवला आणि गेल्या. मी त्यांना नाक्यापर्यंतही सोडायला गेले नाही. गेले असते तर सांगून टाकलं असतं.

माधवी

.

दिल्ली
२३ फेब्रुवारी

विशालराव,

हे पत्र साध्या पोस्टाने येईल, आता लपवायचं काही नाही. चौघी सुटल्या. मध्यस्थांनी त्यांना सीमेवर आणून सोडलं आणि आपल्या लोकांनी ताब्यात घेतलं. काल सैन्याने चौघींची नावं हुद्द्यासकट जाहीर केली. लडकूशेठनी मला फोनवर विचारलं, आता वाघीण लिहू का? मी म्हटलं, लिहा.

मी तिला इथल्या हॉस्पिटलात भेटले. वजन घटलंय, उजव्या दंडावर भाजल्याचा व्रण आहे, त्याबद्दल ती सांगत नाही. दार वाजलं की हात आधी वर जातात आणि मग तिच्या लक्षात येतं. पण ती आहे. मी तिचे पाय दाबत बसले तेव्हा ते गरम होते.

तुमची चित्रफीत त्यांनी तिला दाखवली होती.

तिने मला सांगितलं ते असं. त्या आठवड्यात त्यांना संशय आलेला होता. चौघींना वेगवेगळं बसवून विचारपूस चालली होती आणि सगळ्यात मोठी जी होती तिला मारलं होतं. उन्नतीची पाळी दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी एकजण फोन घेऊन आला, खालच्या इंग्रजी ओळी वाचून दाखवत, आणि बाकीचे हसत होते. तिच्या हातात ड्रेसिंगचा ट्रे होता. तिने तो खाली ठेवला, भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. धरल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. ती थांबेचना. हसणारे गप्प झाले. स्वयंपाक करणाऱ्या एका म्हातारीने फोनवाल्याला हाकललं आणि तिला पाणी दिलं. त्यानंतर तिला कोणी काही विचारलं नाही. इतरांनाही नाही.

‘मी नाटक करत नव्हते, ताई,’ ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. ट्रक, अल्बम, चष्मेवाला, कर्नलबाईंचे दोन शब्द. म्हटलं, अगं, त्याने तुला वाचवलं, स्वतःच्या आईसमोर वाईट झाला. तुमच्या बाजूने मी एवढी कधी बोलले नव्हते. तिने सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघत होती.

मग म्हणाली, ‘भाड्याच्या कपड्यांचं खोटं होतं, ते तेव्हाच कळलं. चहाचंही. पण मी कुठे जाते ते सांगत नाही, आणि त्याने विचारणं सोडलं, हे त्याने कोणाला वाचवायला सांगितलं?’

मी पुन्हा तिचे पाय दाबू लागले.

आधी अंबाडीला जा. आनंदीबाईंना तुम्ही स्वतः सांगा. मी मागून जाऊन पाया पडेन, त्यांनी पडू दिलं तर.

उन्नतीने मला एकच काम दिलंय. ‘त्यातलं किती खोटं होतं, ते त्याला विचार.’ मी विचारते आहे. सोमवारपासून ती टेमघरला असेल. उत्तर मला देऊ नका.

माधवी